मुलांची चिंता: टाळण्याने ती का वाढते आणि घरी काय करायचं

शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं, सुटीच्या दिवशी दुखत नाही. तोंडी परीक्षेच्या आधी तीन-तीनदा शौचाला जावं लागतं. रात्री अकराला अंथरुणावर पडलेला मुलगा दीडपर्यंत टक्क जागा असतो आणि विचारलं तर ‘काही नाही’ म्हणून कूस बदलतो. डॉक्टर तपासतात, सोनोग्राफी होते, रिपोर्ट नॉर्मल येतो आणि घरात कुणीतरी म्हणतं, ‘नाटकं आहेत.’ ही नाटकं नसतात. पोट खरोखर दुखत असतं.

हा लेख तेरा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींच्या आईवडिलांसाठी आहे, आणि त्या घरातल्या मोठ्या भावंडांसाठी, मावशी-काकांसाठीही. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. ज्याची भीती वाटते ते टाळलं की लगेच हायसं वाटतं. त्या हायसं वाटण्यातूनच मेंदू शिकतो, की ‘टाळलं म्हणून वाचलो.’ पुढच्या वेळी भीती जास्त जोरात येते आणि टाळण्याची यादी लांबते. आधी तोंडी परीक्षा, मग प्रॅक्टिकल, मग ज्या वाराला प्रॅक्टिकल असतं तो अख्खा दिवस, मग कॉलेजच. म्हणून चिंतेवरचा खरा उपाय म्हणजे मुलाला बेताबेताने त्या गोष्टीकडे परत नेणं. श्वास, झोप, समजूत, औषध हे सगळं त्या वाटेवरचे आधार आहेत.

शरीरात काय घडतं

मेंदूला धोका जाणवला की ॲड्रेनालिन रक्तात उतरतं. हृदय धडधडतं, श्वास उथळ आणि भरभर होतो, पोटाकडचं रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं. म्हणून मळमळतं, पोटात गोळा येतो, तळव्यांना घाम फुटतो. समोर साप असेल तर हे उपयोगाचं. समोर प्रश्नपत्रिका किंवा वर्गातली साठ पोरं असली तरी शरीर तेच करतं, कारण त्याला दोन्हीतला फरक लगेच कळत नाही.

किशोरवयात हे जास्त का होतं? धोका हेरणारा मेंदूचा भाग, अमिग्डाला, या वयात फार तत्पर असतो. त्याला आवर घालणारा कपाळामागचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. त्यात चारचौघांत आपलं हसं होईल का, हा प्रश्न याच वयात सगळ्यात मोठा असतो. त्यामुळे चिंता टिपेला असताना ‘अरे, जरा डोकं वापर’ हा सल्ला वाया जातो. बोलायचं ते शरीर शांत झाल्यावर.

आपलंच मूल असं का, हा विचारही बाजूला ठेवा. निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांपैकी सुमारे ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला होता. साठ जणांच्या वर्गात चार-पाच मुलं.

सुरुवात करण्याआधी दोन गोष्टी बघा

पहिली: भीती खरी तर नाही ना? ट्यूशनला जायचं नाही म्हणणाऱ्या मुलीला तिथे कुणी त्रास देत असेल, हॉस्टेलवर रॅगिंग होत असेल, बसमध्ये कुणी अंगचटीला येत असेल, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचे फोटो फिरवले जात असतील, तर ती चिंता नव्हे. तो खरा धोका आहे, आणि तिथे धीर धरून परत जायला सांगणं हा अन्याय आहे. आधी धोका थांबवा. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो. म्हणून पहिल्या दिवशी एकांतात, न रागावता विचारा: ‘तिथे तुला कुणी त्रास देतंय का? खरं काहीही असलं तरी मी तुझ्या बाजूने आहे.’ उत्तर पहिल्या वेळी येईलच असं नाही. आठवड्याने पुन्हा विचारा.

दुसरी: जिवाला धोका आहे का? ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं बोलणं, अंगावर ब्लेडच्या खुणा, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, एकाएकी सगळ्यांचा निरोप घेतल्यासारखं वागणं, यांपैकी काहीही दिसलं तर पुढच्या पायऱ्या बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे जा. ‘मरून जावं असं मनात येतं का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट मुलाला बोलायला वाट मिळते. त्याला एकटं सोडू नका. घरातली कीटकनाशकं, उंदरांचं औषध, आजी-आजोबांच्या गोळ्या कुलपात ठेवा. शेतकरी घरात तर हे सगळ्यात आधी करायचं काम आहे. तातडीची रुग्णवाहिका १०८ वर मिळते. पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका: २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं आणि त्या प्रयत्नाबद्दल तिला शिक्षा होत नाही.

पायरी १: दोन आठवडे फक्त नोंद

एक शंभर पानी वही घ्या. ती मुलाची, तुमची नाही. सहा रकाने आखा: वार आणि वेळ, प्रसंग काय होता, शरीरात काय झालं, भीती ० ते १० मध्ये किती, मग मी काय केलं, आणि वीस मिनिटांनी आकडा किती. मूल लिहायला तयार नसेल तर मोबाइलमध्ये नोंद ठेवू द्या, नाहीतर रात्री त्याने सांगावं आणि तुम्ही लिहावं. चोरून वही वाचली की हा मार्ग कायमचा बंद होतो.

सगळ्यात जास्त कळतं ते पाचव्या रकान्यातून. ‘बाकावर शेवटी जाऊन बसलो’, ‘आईला फोन केला’, ‘पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेलो’, ‘उत्तर पाच वेळा तपासलं’. ही टाळाटाळ बाहेरून दिसत नाही, पण पुढे काम करायचं ते हिच्यावरच.

दोन आठवड्यांनी भीतीचा साचा दिसू लागतो. लोक बघतील, हसतील, ही भीती सगळीकडे असेल तर ती सामाजिक चिंता. परीक्षा, आईची तब्येत, पैसे, अपघात अशी रोज नवी काळजी आणि झोप नाही, तर सर्वसाधारण चिंता. काही कारण नसताना एकदम छाती धडधडून ‘आता मी मरतो’ असं वाटणं हा पॅनिक अटॅक. हात पुन्हा पुन्हा धुणं, कडी पुन्हा पुन्हा तपासणं, मनात ठरावीक आकडे मोजणं असेल, तर तो ओसीडी असू शकतो. त्याची पद्धत थोडी वेगळी आहे, तेव्हा तिथे घरच्या घरी प्रयोग न करता तज्ज्ञाकडे जा.

नोंदीसोबत जीएडी-७ ही चिंता मोजणारी प्रश्नावली भरता येते. गेल्या दोन आठवड्यांवरचे सात प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २१. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून तीव्र. दहा किंवा जास्त आले तर तज्ज्ञाला भेटायचं. आकड्यावरून स्वतःच निदान करायचं नाही, तो फक्त कुठे वळायचं ते सांगतो. महिन्यातून एकदा भरली तर सुधारणाही मोजता येते.

पायरी २: शरीराची तपासणी, एकदाच

थायरॉइड वाढला असेल तर धडधड, थरथर, घाम, वजन घटणं हे सगळं चिंतेसारखंच दिसतं. रक्त कमी असलेल्या मुलींना जिना चढताना धडधडतं आणि ती भीती समजली जाते. दम्याच्या साल्ब्युटामॉल पंपानेही हात थरथरतात. म्हणून नेहमीच्या डॉक्टरांकडून एकदा तपासणी करून घ्या, सीबीसी (रक्ताची साधी तपासणी) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) करून घ्या. रिपोर्ट नॉर्मल आले की थांबा. दर महिन्याला नवा डॉक्टर, नवा स्कॅन असं सुरू झालं तर मूल शिकतं की आपल्या शरीरात नक्कीच काहीतरी बिघडलंय आणि ते कुणाला सापडत नाही. तपासण्यांची ही साखळी म्हणजे चिंतेला दिलेलं खाद्य.

दृष्ट काढली, देवाला नारळ ठेवला, याला आमची हरकत नाही. त्याने घरातल्या मोठ्यांना धीर येतो. पण त्यापायी तज्ज्ञाकडे जाणं लांबता कामा नये. आणि कुणी मुलाला मारहाण, उपास किंवा साखळदंड सांगत असेल तर तिथून ताबडतोब बाहेर पडा.

पायरी ३: झोप आणि चहा-कॉफी

तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते. बारावीच्या मुलांची सहा तासही होत नाही, आणि कमी झोपलेला मेंदू साध्या गोष्टीलाही धोका समजतो. उठण्याची वेळ रविवारीसुद्धा तासाभरापेक्षा जास्त हलवू नका. मोबाइल खोलीच्या बाहेर चार्जिंगला लावा, आणि हा नियम आईवडिलांनाही लागू करा. नाहीतर तो चार दिवस टिकतो.

किशोरवयात दिवसाला कॅफिन १०० मिलिग्रॅमच्या आत ठेवावं, अशी बालरोगतज्ज्ञांची शिफारस आहे. २५० मिलिलिटरच्या एनर्जी ड्रिंकच्या एका कॅनमध्ये ७५ ते ८० मिलिग्रॅम असतं, कपभर चहात साधारण ३० ते ५०. कॅफिनचा निम्मा भाग पाच-सहा तासांनीही रक्तात असतो. त्यामुळे अभ्यासाला बसताना रात्री नऊला घेतलेली कॉफी दोनला जागी असते. दुपारी तीननंतर बंद. रोज तीन-चार कप घेणाऱ्याने एकदम सोडू नये, डोकं दुखतं. दर दोन-तीन दिवसांनी एक कप कमी करा.

पायरी ४: पॅनिक अटॅक आला तर

अटॅक साधारण दहा मिनिटांत टिपेला जातो आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरतो. त्याने हृदय बंद पडत नाही. पहिल्यांदाच छातीत दुखत असेल, शुद्ध हरपली असेल किंवा धावताना-खेळताना त्रास झाला असेल, तर मात्र आधी डॉक्टर आणि ईसीजी.

भरभर श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. बोटांना मुंग्या येणं, गरगरणं, तोंड बधिर होणं हे त्यातून येतं. ‘मोठ्ठा श्वास घे’ असं सांगितलं तर ते वाढतं. लक्ष श्वास सोडण्याकडे हवं: नाकाने चार मोजेपर्यंत आत, ओठ किंचित मिटून सहा मोजेपर्यंत बाहेर. मिनिटाला सहा श्वास, पाच मिनिटं. तुम्ही स्वतः तसा श्वास घ्या, मूल तुमच्याबरोबर येतं. कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावू नका, दम्याच्या मुलांना त्यात धोका आहे.

ही सवय शांत असताना लावायची: रोज दोनदा, पाच-पाच मिनिटं, निदान दोन आठवडे. अटॅकच्या वेळी पहिल्यांदा करायला गेलं तर जमत नाही, आणि मग मूल म्हणतं, ‘याचा काही उपयोग नाही.’

अटॅक ओसरला की त्याच जागी थांबावं, किंवा बाहेर गेलो तर दहा मिनिटांनी परत यावं. रिक्षा करून थेट घरी आणलं तर ती जागा ‘धोक्याची’ म्हणून मनावर कोरली जाते.

पायरी ५: शिडी

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. भीती वाटणाऱ्या प्रसंगांची चढत्या क्रमाने यादी करून खालून वर जायचं. या पद्धतीचं मूळ जोसेफ वोल्पे यांच्या १९५० च्या दशकातल्या कामात आहे. त्यानंतर तपशील बदलले, पण चिंतेवरच्या समुपदेशनाचा कणा आजही हाच आहे.

समजा अकरावी विज्ञानची एक मुलगी आहे. वर्गात बोलायची भीती, आणि तोंडी प्रश्न विचारतात म्हणून तिने केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल बुडवायला सुरुवात केली आहे. तिची शिडी अशी होऊ शकते, कंसात तिनेच दिलेले आकडे:

मेडिकलच्या दुकानात फोन करून ‘किती वाजेपर्यंत उघडं असतं?’ विचारणं (२)
हजेरीला ‘प्रेझेंट’ मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं म्हणणं (३)
किराणा दुकानात यादी न दाखवता चार वस्तू तोंडाने मागणं (३)
तास संपल्यावर सरांना घरून लिहून नेलेला एक प्रश्न विचारणं (४)
प्रॅक्टिकलच्या जोडीदारासमोर कृती मोठ्याने वाचणं (५)
सरांशी आधी ठरवून वर्गात एका वाक्याचं उत्तर देणं (६)
न ठरवता हात वर करणं (७)
वर्गात मुद्दाम ‘सर, मला कळलं नाही, पुन्हा सांगा’ म्हणणं (८)
प्रॅक्टिकलची तोंडी परीक्षा (९)

शिडी मुलानेच लिहायची, आकडे त्याचेच. तुम्हाला किराणा दुकान क्षुल्लक वाटेल, त्याला वाटत नसेल. सुरुवात २ ते ४ मधल्या कामापासून करा. शून्याच्या कामातून काही शिकायला मिळत नाही आणि नऊच्या कामातून मूल पळ काढतं. एक पायरी आठवड्यात चार-पाच वेळा करायची. आठवड्यातून एकदा केली तर मधल्या सहा दिवसांत भीती पुन्हा आपली जागा घेते. हे आठ-दहा आठवड्यांचं काम आहे असं धरून चाला.

प्रत्येक वेळी आधी वहीत भाकीत लिहायचं: ‘मी फोनवर अडखळेन आणि तो माणूस ओरडेल.’ नंतर लिहायचं, खरंच काय झालं: ‘अडखळले. तो म्हणाला दहा वाजेपर्यंत.’ आम्हाला भीतीचा आकडा उतरण्यापेक्षा ही दोन वाक्यं जास्त महत्त्वाची वाटतात. आकडा कधी सातावरून चारावर येतो, कधी सातच राहतो. सात असतानाही काम पार पडलं, हे मुलाने स्वतः पाहिलं की पुढची पायरी शक्य होते. भीती गेल्यावर करू, असं म्हणत बसलं तर ती कधीच जात नाही.

शिडी फसते ती बहुधा पुढच्या कारणांनी. मूल प्रसंगात जातं, पण कुबड्या घेऊन: कानात हेडफोन, हातात पाण्याची बाटली, शेजारी मैत्रीण, खिशात ‘गरज पडली तर’ ठेवलेली गोळी. मग श्रेय कुबडीला जातं. म्हणून तीच पायरी पुन्हा कुबडीशिवाय करायची. दुसरं, वडील अधीर होतात आणि चारवरून थेट आठवर ढकलतात. मधे एक पायरी घाला, ढकलू नका. तिसरं, फसवून नेणं: ‘फक्त फेरी मारायला चल’ म्हणून थेट प्राचार्यांच्या खोलीत. एकदा असं झालं की विश्वास परत मिळवायला महिने जातात. आणि एखाद्या दिवशी मूल पायरीवरून परत आलं तर तो दिवस वाया गेला असं समजू नका. दुसऱ्या दिवशी त्याच्या खालची पायरी करायची, दोन दिवसांनी पुन्हा तीच.

शाबासकी प्रयत्नाला द्या, निकालाला नको. ‘आज फोन लावलास’ एवढं म्हटलं तरी पुरतं.

पायरी ६: घराने मागे सरकणं

आईवडिलांना ही सगळ्यात जड जाते. मुलाचा त्रास बघवत नाही म्हणून घर हळूहळू चिंतेभोवती रचलं जातं. पाहुण्यांच्या प्रश्नांना आई उत्तर देते. बाबा रोज कॉलेजच्या फाटकापर्यंत सोडतात. सोळा वर्षांच्या मुलाच्या खोलीत आजी झोपते. ‘पेपर चांगला जाईल ना?’ याला दिवसातून वीसदा ‘जाईल रे’ म्हटलं जातं. हे सगळं प्रेमापोटी होतं, आणि टाळण्याला बळ देतं.

येल विद्यापीठातल्या एली लेबोवित्झ यांनी यावर एक पद्धत बसवली आहे. तीत मुलाला न भेटता फक्त पालकांसोबत काम केलं जातं. सात ते चौदा वयाच्या १२४ मुलांच्या अभ्यासात या पद्धतीचा परिणाम मुलांवर केलेल्या नेहमीच्या समुपदेशनाच्या तोडीचा निघाला. म्हणजे मूल ‘मी कुठेही येणार नाही’ म्हणून अडून बसलं तरी तुमच्या हातात बरंच काही उरतं.

कसं करायचं? तुम्ही मुलाच्या चिंतेसाठी काय काय करता याची यादी काढा. त्यातली एकच गोष्ट निवडा, रोज घडणारी आणि दोघांना एकमताने पाळता येईल अशी. मुलाला आधी सांगा, जमलं तर चिठ्ठी लिहून द्या: ‘तुला या प्रश्नाने किती त्रास होतो ते आम्हाला दिसतं. तू हे निभावून नेशील याची आम्हाला खात्री आहे. सोमवारपासून पेपरबद्दलच्या प्रश्नाला आम्ही दिवसातून एकदाच उत्तर देऊ. दुसऱ्यांदा विचारलंस तर जवळ बसू, पण उत्तर देणार नाही.’ त्रास मान्य करणं आणि विश्वास दाखवणं, दोन्ही लागतं. नुसता विश्वास म्हणजे ‘काही होत नाही, जा’, नुसती सहानुभूती म्हणजे ‘राहू दे बाळा, नको जाऊस’. पहिला आठवडा वाईट जातो. रडणं, आदळआपट, अबोला. त्यात दहाव्या वेळी आजीने उत्तर दिलं तर मूल शिकतं की दहा वेळा विचारायचं असतं. म्हणून आजी-आजोबांना आधी विश्वासात घ्या.

कॉलेजला किंवा शाळेला जाणंच बंद झालं असेल तर घाई करा. दोन-तीन आठवडे घरी राहिलेलं मूल परत नेणं फार अवघड होतं. अर्धा दिवस, दोन तास, नुसतं लायब्ररीत बसणं चालेल, पण रोज. घरी राहिलेल्या दिवशी शाळेच्या वेळेत मोबाइल-टीव्ही नाही. ही शिक्षा म्हणून नव्हे, घरी राहणं जास्त सुखाचं होऊ नये म्हणून. वर्गशिक्षकांना दोन ओळी लिहून द्या: आल्यावर सगळ्यांसमोर ‘इतके दिवस कुठे होतास?’ विचारू नये, आणि पहिले दोन आठवडे तोंडी प्रश्न विचारू नयेत. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिले आहेत. तुमच्या कॉलेजात तो कोण आहे हे कार्यालयात जाऊन विचारा.

परीक्षेबद्दल थोडक्यात

‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा दुपारी दोन ते पाच असते, बारावीचा सकाळचा पेपर अकराला सुरू होतो. सराव त्याच वेळेला करा: लाकडी खुर्चीत, घड्याळ लावून, मधे न उठता. रात्री अंथरुणावर बसून सोडवलेल्या पेपरमुळे परीक्षेच्या खोलीची सवय होत नाही. पेपर बघून डोकं कोरं पडलं तर पेन खाली ठेवायचं, पाय जमिनीवर टेकवायचे, सहा सावकाश श्वास, मग सगळ्यात सोपा प्रश्न शोधून तो लिहायला घ्यायचा. हात चालू झाला की आठवण परत येते. हेही सराव पेपरातच घोटवून ठेवायचं.

दिवसभर काळजी करणाऱ्या मुलासाठी काळजीची वेळ ठरवून द्या: संध्याकाळी वीस मिनिटं, झोपण्याच्या खूप आधी. एरवी मनात आलेली काळजी चिठ्ठीवर टिपून ठेवायची आणि त्या वेळी काढायची. मग प्रत्येक चिठ्ठीला विचारायचं, यावर मला काही करता येईल का? येत असेल तर गोव्यातल्या ‘संगात’ संस्थेने शाळकरी मुलांसाठी तयार केलेली सोपी रीत कामाला येते: अडचण एका वाक्यात मांडा, सुचतील तेवढे पर्याय लिहा, एक निवडून करून बघा. करता येत नसेल तर चिठ्ठी उद्याच्या वेळेला.

तज्ज्ञाकडे केव्हा, कुणाकडे

चार-सहा आठवडे हे करून फरक पडला नाही, शाळेत जाणं बंद झालं, वजन घटलं, जीएडी-७ प्रश्नावलीत दहा किंवा जास्त गुण आले, यांपैकी एकही असेल तर वाट पाहू नका. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर १४४१६ ला फोन करा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. गोव्यात बांबोळीची मनोविकार संस्था आहे.

औषध देऊ शकतो तो मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी असते. नोंदणी क्रमांक मागायला संकोचू नका. विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणाऱ्या समुपदेशनाला सीबीटी म्हणतात. पहिल्या भेटीतच विचारा: ‘तुम्ही सीबीटी करता का? भीतीच्या प्रसंगाला टप्प्याटप्प्याने सामोरं जाण्याचं काम त्यात असतं का? घरी काय करायचं ते सांगता का?’ साधारण बारा ते सोळा भेटी लागतात. महिनोन् महिने नुसत्या गप्पा होत असतील आणि मूल अजून घरीच असेल, तर तसं स्पष्ट बोला किंवा दुसरा तज्ज्ञ बघा. मूल आत एकटं बोलत असताना दाराशी थांबू नका, आणि बाहेर आल्यावर ‘काय काय सांगितलंस?’ विचारू नका.

औषधाची भीती आणि औषधाचा हट्ट, दोन्ही टोकं दिसतात. अमेरिकेत सात ते सतरा वयाच्या ४८८ मुलांवर झालेल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सीबीटीने सुमारे ६० टक्के, सर्ट्रालिन या औषधाने ५५ टक्के, दोन्ही मिळून ८१ टक्के, तर औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीने २४ टक्के मुलांना ठळक फरक पडला. म्हणून सौम्य चिंतेला आधी समुपदेशन, तीव्र चिंतेला दोन्ही एकत्र, हा क्रम आम्हाला योग्य वाटतो. सर्ट्रालिन किंवा फ्लुओक्सेटिनसारख्या गोळ्यांची सवय लागत नाही, पण गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्या दोन आठवड्यांत मळमळ, बेचैनी होऊ शकते, आणि थोड्या मुलांमध्ये स्वतःला इजा करण्याचे विचार वाढू शकतात. म्हणून त्या दिवसांत मुलावर लक्ष ठेवा आणि तसं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. अल्प्राझोलामसारखी लगेच शांत करणारी गोळी वेगळी. तिची सवय लागते, शिडीवर ती कुबडी होते, आणि ती शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर किंवा ओळखीच्या केमिस्टकडून कधीही आणू नये.

बरं वाटू लागल्यावर गोळ्या आपल्या मनाने थांबवू नका. साधारण वर्षभर घेऊन मग डॉक्टर आठवड्यांच्या अंतराने मात्रा उतरवतात. त्यासाठी शांत काळ निवडायला सांगा, बोर्डाच्या परीक्षेआधीचे महिने किंवा हॉस्टेलवर जाण्याचा जून नको. मात्रा उतरवण्याच्या त्या दिवसांत शिडीच्या वरच्या दोन पायऱ्या आठवड्यातून एकदा तरी करत राहा.